कुंडल हिरण्यकशिपूचं, घाम फुटला रावणाला

पाथर्डी तालुक्यातल्या आम्हा तिसगावकरांना खलनायक शोधायला लांब जावं लागत नाही. नगर जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि बोट नेवाशावर ठेवा. तिथं मोहिनीराजाचं देऊळ आहे. विष्णूनं मोहिनीचं रूप घेऊन अमृताची पंगत वाढली ती इथंच, अशी या भागातली कथा. त्या पंगतीत राहू देवाच्या वेशात घुसला, सूर्य-चंद्रानं चुगली केली आणि सुदर्शन फिरलं. शिर पडलं ते राहुरीला, काया पडली ती कायगावला. एकाच दैत्याच्या नावानं दोन गावं आजही नांदताहेत.

आता या राहूचं आजोळ बघा. भागवतात त्याची आई सिंहिका, आणि ती हिरण्यकशिपूची लेक. म्हणजे राहू हा प्रल्हादाचा भाचा. राहूचा बाप विप्रचित्ती पुढं जरासंध होऊन जन्मला, असं महाभारताचं आदिपर्व सांगतं. जरासंधाच्या अस्ती आणि प्राप्ती या दोन्ही मुली कंसाला दिलेल्या. आपल्याकडचे दुष्ट राजे असे एकमेकांचे आजे, मामे, सासरे, जावई! मग प्रश्न पडतोच. नवा दुष्ट गादीवर बसला की आधीच्या दुष्टाबद्दल त्याला काय वाटत असेल? आदर, मत्सर की धाक? जुन्या गोष्टी सांगणाऱ्यांनी यावर भरपूर विचार करून ठेवलाय.

पाताळातली परीक्षा

सगळ्यात झकास गोष्ट रावणाची. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात काही सर्ग मागाहून घातलेले मानतात, त्यांत ती येते. दिग्विजयाला निघालेला रावण पाताळात बळीच्या वाड्यावर पोचतो. दारात एक सावळा पुरुष उभा असतो. रावण आत जाऊन बळीला म्हणतो, विष्णूनं तुला बांधून ठेवलंय असं ऐकलं, मी सोडवायला आलोय. बळी हसतो. दारातला तो कोण आहे ठाऊक आहे का, असं विचारतो आणि सांगतो, आजवरच्या एकूण एक दानवराजांना त्यानंच वठणीवर आणलंय.

मग बळी समोर पडलेल्या एका झगझगीत वस्तूकडं बोट दाखवतो. तेवढं उचलून आण, सुटकेचं नंतर बोलू. कैलास हलवणारा गडी तो, हसत हसत पुढं होतो. वस्तू हलत नाही. सगळा जोर लावतो आणि भोवळ येऊन जमिनीवर कोसळतो. रावण शुद्धीवर आल्यावर बळी सांगतो, हे माझ्या पणजोबांचं, हिरण्यकशिपूचं कुंडल. एका कानातलं. ज्याच्या कानातला दागिना तुला पेलत नाही तो नरसिंहाच्या हातून मेला, आणि तो नरसिंह म्हणजेच हा दारातला.

रावणानं यातून काय घेतलं? शस्त्र उपसून तो दाराकडं धावला. दारात कुणीच नव्हतं.

या गोष्टीला भागवताची जोड दिली की अंगावर काटा येतो. वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय शापानं तीन वेळा विष्णूचे वैरी होऊन जन्मले: आधी हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, मग रावण-कुंभकर्ण, शेवटी शिशुपाल-दंतवक्र. म्हणजे जे कुंडल उचलताना रावणाला भोवळ आली, ते गेल्या जन्मी त्याच्याच कानात होतं! ग्रंथ दोन, गोष्टी वेगळ्या, आणि हा सांधा कुणी ठरवून जुळवला असेल असं मला वाटत नाही. तरी खलनायकावर इतकी जबरदस्त कथा मी दुसरी वाचलेली नाही.

म्हाताऱ्याचं कोण ऐकतो

लंका आधी रावणाच्या आजोळची. माल्यवान, सुमाली आणि माली या तीन राक्षसभावांसाठी विश्वकर्म्यानं ती बांधली. विष्णूनं मालीला मारलं, बाकीचे पाताळात पळाले, आणि रिकामी लंका कुबेराला मिळाली. सुमालीनं आपली मुलगी कैकसी विश्रवा ऋषीकडं पाठवली ती हे राज्य परत मिळवायच्या हिशेबानंच. रावणाला वर मिळाल्याची बातमी लागताच आजोबा पाताळातून वर हजर. गंमत म्हणजे रावण सुरुवातीला नको म्हणतो, कुबेर थोरला भाऊ आहे म्हणून. पुढं प्रहस्तानं त्याची समजूत काढली.

पुढं रामाचं सैन्य दाराशी आलं तेव्हा विष्णूचा मार प्रत्यक्ष खाल्लेला माल्यवान लंकेत होता. त्यानं सांगितलं, सीता परत दे आणि तह कर. आधीचा राजा जिवंत, अनुभवी, घरचा, आणि सल्ला फुकट. रावण त्याच्यावरच उखडला.

हा रावण मराठीत आणला पैठणच्या एकनाथांनी, भावार्थ रामायणात. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि नाथ गेले, 1599 साली. उरलेलं काम त्यांचा शिष्य गावबा यानं पुरं केलं, अशी परंपरा आहे.

वरदानातल्या पळवाटा

आधीचा कसा मेला, हे नव्या दैत्यानं नीट वाचलं होतं की नाही, ते त्यानं मागितलेल्या वरात दिसतं. हिरण्यकशिपूनं अभ्यास केला होता. भाऊ हिरण्याक्ष वराहाच्या हातून गेलेला, म्हणून त्यानं यादीच दिली. माणूस नको, पशू नको, घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, जमिनीवर नको, आकाशात नको. पक्कं कलमवार काम. तरी उंबरठा राहिला, तिन्हीसांज राहिली आणि मांडी राहिली.

रावणानं देव, दानव, दैत्य, राक्षस, यक्ष, नाग आणि गरुड यांची नावं घेतली आणि माणसाला यादीतून वगळलं. माणसं म्हणजे गवत, असं तो ब्रह्मदेवाला सांगतो. अहो, हिरण्यकशिपूनं माणूस आठवणीनं घातला होता! तीच यादी समोर ठेवून मागणं मागितलं असतं तर रामायण वेगळं झालं असतं. महिषासुरानं बाईला मोजलं नाही. तारकासुर म्हणाला, मरण द्यायचंच तर शंकराच्या मुलाच्या हातून द्या, कारण सती गेली होती आणि शंकर ध्यानात बसला होता.

कंसाची तऱ्हा निराळी. मागच्या जन्मी तू कालनेमी होतास आणि विष्णूनं तुला मारलं होतं, हे नारदानं त्याला सांगून टाकलं. स्वतःचा पूर्वीचा शेवट ठाऊक असलेला खलनायक! शहाणा असता तर कृष्णाला मामा म्हणून जवळ घेतला असता. त्यानं वसुदेव-देवकीला बेड्या ठोकल्या, मुलं मारली आणि स्वतःच्या बापालाही कोंडलं.

दुर्योधनाचं पाताळातलं बोलावणं

वनपर्वातली ही गोष्ट कीर्तनात फारशी ऐकू येत नाही, आणि मला याचं वाईट वाटतं. गंधर्वांनी दुर्योधनाला बांधून नेलं आणि पांडवांनी सोडवलं. ज्यांना खिजवायला गेला त्यांनीच वाचवलं. त्या लाजेनं तो अन्नपाणी सोडून मरायला बसतो. इकडं पाताळातले जुने दानव घाबरतात. हा मेला तर आपला पक्षच बुडाला. ते होमातून एक कृत्या उत्पन्न करून त्याला रातोरात खाली उचलून आणतात आणि धीर देतात: भीष्म, द्रोण, कृप यांच्या अंगात आम्ही शिरणार आहोत, मारल्या गेलेल्या नरकासुराचा आत्मा कर्णात आहे, तू ऊठ.

आधीचे राजे इथं चक्क नव्याच्या पाठीशी उभे आहेत. पण याच बैठकीत ते आणखी एक सांगून जातात. तुझं वरचं अंग शंकरानं वज्राचं घडवलंय, आणि खालचं पार्वतीनं फुलांचं. दुर्योधन खुशीत परत येतो. भीमाची गदा पुढं नेमकी कुठं बसली, ते सांगायला नको.

साता समुद्रापार तेच

परदेशी लेखकांनाही हे सुचलंय. टॉल्किनच्या कथाविश्वात सॉरॉन हा आधीच्या काळोखाच्या स्वामीचा, मॉर्गॉथचा, सरदार. धनी हद्दपार झाल्यावरही तो न्यूमेनॉर बेटावर त्याच्या नावाचं मंदिर उभं करून घेतो. हॅरी पॉटरच्या शेवटच्या पुस्तकात वॉल्डेमॉर्ट आपल्या आधीच्या काळ्या जादूगाराला, ग्रिंडेलवाल्डला, तुरुंगात गाठतो. म्हातारा त्याला भीत नाही, उलट हसतो, आणि वॉल्डेमॉर्ट त्याला मारतो. ‘स्टार वॉर्स’ मालिकेच्या 2015 सालच्या चित्रपटात कायलो रेन आजोबा डार्थ व्हेडरच्या जळक्या शिरस्त्राणापुढं बसून बळ मागतो. आजोबा शेवटी सुधारून मेले होते, ते त्याला आठवत नाही. कुंडल असो की शिरस्त्राण, आजोबांचा दागिना दिसतो, त्यांचा शेवट दिसत नाही.

राज्यकर्त्याला आरसा दिसला तेव्हा

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली, विराटाच्या दरबारातली. पण कीचकाच्या तोऱ्यात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत आपला देश दिसला. इंग्रज सरकारनं 1910 मध्ये नाटकावर बंदी घातली. खऱ्या राज्यकर्त्यानं जुना खलनायक बघितला आणि त्याला स्वतःचीच ओळख पटली. मराठी नाटकाची ही कामगिरी फार मोठी आहे.

राजानं वेळेत ऐकल्याची गोष्टही आहे, आणि तिचा धागा तिसगावच्या शेजारच्या मढीपर्यंत येतो. मढीला कानिफनाथांची समाधी. या कानिफनाथांचे गुरू जालिंदरनाथ, आणि त्यांना राजा गोपीचंदानं खड्ड्यात पुरलं होतं, घोड्याच्या लिदीखाली. गोपीचंदाची आई मैनावती नाथांची शिष्या. मुलगा न्हात असताना तिचा अश्रू त्याच्या अंगावर पडला. ती म्हणाली, तुझ्या बापाचाही देह असाच सोन्यासारखा होता, त्याची राख झाली. पुढं कानिफांनी गोपीचंदाचे धातूचे पुतळे करून खड्ड्यापाशी उभे केले, गुरूंच्या रागानं पुतळे भस्म झाले, राजा वाचला आणि जोगी झाला. ‘नवनाथ भक्तिसार’ घरोघर वाचणाऱ्या आपल्या भागात ही कथा बायाबापड्यांना तोंडपाठ असते.

खलनायक ठरवतं कोण

बळीलाही दैत्य म्हणून पाताळात घातलं, पण मराठी घरातली बाई दिवाळीत ओवाळताना म्हणते, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त हाच धागा धरला. त्यांच्या मांडणीत बळी हा रयतेचा न्यायी राजा, खंडोबा, जोतिबा, म्हसोबा हे त्याचे अधिकारी, आणि वामन कपटी. फुल्यांच्या बाजूला मराठी शेतकऱ्याची जीभ आधीपासून होती, असं मला मनापासून वाटतं. अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यातल्या सांगोळ्याला तर रावणाचीच दशमुखी मूर्ती पुजतात.

आणि आपल्या पाथर्डी तालुक्यात नांदूर निंबादैत्य आहे. गावाच्या नावातच दैत्य, ग्रामदैवतही तोच. कथा अशी की निंबादैत्य रामाचा भक्त. त्याची आणि हनुमंताची जुंपली, दोघांनीही रामाचा धावा केला, आणि रामानं निवाडा दिला की या गावात मान निंबादैत्याचा, हनुमंताचा नाही. रावणानं निंबादैत्याचं देऊळ बघितलं असतं तर आपल्या जातीचा म्हणून तो आनंदानं आत गेला असता आणि रामनाम ऐकून गोंधळला असता.

निवाडा आजही पाळतात. गावात मारुतीचं देऊळ नाही. पोराचं नाव मारुती किंवा हनुमान ठेवत नाहीत. लग्नपत्रिकेवर निंबादैत्य प्रसन्न असं छापतात. गुढीपाडव्याला यात्रा भरते. मारुती गाडीही कुणी घेत नाही. गावातल्या एका डॉक्टरांनी घेतली होती म्हणे. रुग्ण येईनासे झाले. त्यांनी ती विकली, दुसऱ्या कंपनीची गाडी दारात आणली, आणि दवाखाना पुन्हा भरू लागला.