कपाळाच्या कातडीचं नाक

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात पुण्याकडच्या एका नाकाची हकीकत छापून आली. नाक कावसजीचं. नाव पारशी वाटतं, पण नोंदीत तो शेतकरी जातीतला मराठा आहे. इंग्रज फौजेत बैल हाकायचा. १७९२च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. वर्षभर तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याला नवं नाक करून दिलं. मासिकाने ही शस्त्रक्रिया पाहिलेल्या इंग्रज डॉक्टरांची नावं छापली. ज्याने ती केली त्याची फक्त जात.

मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून माप घ्यायचं, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. भुवयांच्या मधली चिंचोळी पट्टी मात्र कापायची नाही. त्या पट्टीवरच कातडीला अर्धा पीळ देऊन खाली आणायचं आणि खुंटाभोवती चिरलेल्या खाचेत तिच्या कडा बसवायच्या. भूल नव्हतीच.

मला मात्र या कापाकापीपेक्षा नंतरचे पंचवीस दिवस जास्त थक्क करतात.

पहिले चार दिवस काथ. होय, पानातला काथ. तो पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर माखायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक सांध्यावर लावायच्या. टाके नाहीत, दुसरं मलम नाही. काथ तुरट असतो तो त्यातल्या टॅनिनमुळे, आणि टॅनिन ओल्या जखमेवरची प्रथिनं आवळून घट्ट करतं. चौथ्या दिवसानंतर पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं कापड लावायचं. जखमेवरचं सुकं कापड सोलताना काय होतं, हे ज्याने अनुभवलंय त्याला तुपाचं मोल सांगायला नको. आणि पहिले पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. कूस बदलली, नाक घासलं, तर सगळाच खेळ खलास.

एवढ्या काळात ती कातडी जगते कशावर? त्या भुवयांमधल्या पट्टीवर. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळून एक बारीक रोहिणी कपाळावर चढते. पट्टी शाबूत म्हणजे तिचा रक्तपुरवठा शाबूत. पीळ जास्त बसला तर रक्त अडतं आणि कातडी काळीनिळी पडते. दरम्यान खुंटाच्या ताज्या कडांमधून केसांहून बारीक नव्या रक्तवाहिन्या वरच्या कातडीत शिरू लागतात. कोकणात आंब्याचं भेटकलम करतात ते असंच: फांदी आईच्या झाडावरच ठेवून रोपाला बांधायची आणि सांधा जुळल्यावरच मागून तोडायची. कुंभाराने पट्टी तोडायचा दिवस धरला होता सुमारे पंचविसावा. रक्तवाहिन्यांचं हे विणकाम सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले आजचे सर्जनही साधारण तीन आठवडेच थांबतात.

तोवर एक गंमत चालू असते. नव्या नाकावर बोट टेकवलं तर रुग्णाला स्पर्श जाणवतो कपाळावर! पट्टीतून खाली आलेली नस अजून कपाळाचीच असते आणि मेंदूकडे पत्ता पोचतो तो जुना. कातडी आपलं मूळही विसरत नाही: माप केसांच्या रेषेपर्यंत गेलं असेल, तर पुढे नाकावर केस उगवतात.

दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. माझ्या मते त्या माणसाची खरी समज इथे दिसते. जखम भरताना तिच्यात आकसणाऱ्या पेशी तयार होतात आणि त्या कडांना एकमेकींकडे ओढतात. गुडघा फुटला तर हे आकसणं फायद्याचं, कारण भोक बुजतं. नाकपुडीत तेच घातक, कारण तिथेही भोकच बुजवलं जातं. नाक दिसायला झकास आणि श्वासाला वाट नाही, असं होऊ नये म्हणून आधीपासूनच आत बोळे ठेवायचे. आज अशा वेळी सिलिकॉनच्या नळ्या घालतात.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४मध्ये हीच रीत एका लष्करी अधिकाऱ्यावर वापरली आणि १८१६मध्ये त्यावर पुस्तक छापलं. तिथून ती युरोपभर पसरली.

ती अजून वापरात आहे, मुख्यतः त्वचेच्या कर्करोगात नाकाचा भाग काढावा लागतो तेव्हा. कपाळावरची जखम वरच्या टोकाला पूर्ण ओढून शिवता आली नाही, तर सर्जन तेवढा भाग मलमपट्टीखाली उघडाच ठेवतात. तो आपला आपण भरून येतो, आणि बहुतेक वेळा छान भरतो. रुग्ण लवकरच घरी जातो, भुवईपासून नाकापर्यंत ती पिळाची पट्टी घेऊनच. डोकं उंच ठेवून झोपायचं, नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवायचं, विडी-सिगारेट अजिबात नाही, कारण तंबाखूने नेमक्या त्या बारीक वाहिन्या आकसतात. आणि ज्यांना चष्मा आहे त्यांची वेगळीच पंचाईत होते: पट्टी सुटेपर्यंत तो टेकवायचा कुठे?