परसबागेनं घर बोलतं केलं

मैत्रिणींनो, तुमच्या घरामागे थोडी तरी मोकळी जागा आहे का? आणि असेल तर तिथे आज काय पडलंय? मोडकी सायकल, जुने पत्रे, रंगाचे रिकामे डबे? आमच्याकडेही तेच होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात आमचं जुनं घर. मागे दहा बाय पंधरा फुटांचं परस. मोरीच्या पाण्यावर वाढलेला अळू आणि सासऱ्यांनी लावलेला कढीपत्ता, एवढीच काय ती हिरवाई.

२०२२ च्या दिवाळीनंतर सासरे गेले. दिवस झाले, पाहुणे पांगले आणि सासूबाई गप्प झाल्या. जेवण पुढे ठेवलं की दोन घास खायच्या, भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. आणि मी? माझ्या बचत गटाच्या मीटिंगा, महिला मंडळ, मुलांचे डबे चालूच होते. गावभरच्या बायकांची सुखदुःखं ऐकणारी मी घरातल्या बाईपाशी दहा मिनिटं बसत नव्हते. हे लिहितानाही बोचतं.

तपासण्या नॉर्मल आल्या. डॉक्टर म्हणाले, "हे मनाचं दुखणं आहे आणि त्यावरही औषध असतं." मग मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्यांनी झोप लागायला लागली, पण बोलणं काही सुरू होईना.

मार्च २०२३ मध्ये गाडी लावायला सोय व्हावी म्हणून परसात पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं. मिस्त्री माप घ्यायला आला. त्याचा टेप कढीपत्त्याच्या बुंध्याला टेकला, तशा आई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "हे झाड ह्यांनी लावलंय. तोडू नका," एवढंच म्हणाल्या. कित्येक दिवसांत त्या आपणहून बोलल्या होत्या! मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवला. आमची गाडी आजही रस्त्यावरच असते.

मग मी परस साफ केलं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवारा'बद्दल कधीकाळी वाचलं होतं. घरातला ओला कचरा, पालापाचोळा आणि ऊन यांच्या जोरावर थोड्या जागेतही भाजी पिकते, हे डोक्यात बसलं होतं. उत्साहाच्या भरात मी एप्रिलमध्ये मेथी टाकली. आठवड्यात कोवळी रोपं उन्हानं करपून गेली. मी हिरमुसून बसले होते, तर मागून आवाज आला, "अगं, एवढ्या उन्हाळ्यात कुणी मेथी टाकतं का? बी.ए.ला हे शिकवत नाहीत वाटतं!" आई चक्क हसत होत्या. त्या चौथी पास, पण माहेर शेतकऱ्याचं.

त्या दिवसापासून परसाचा कारभार त्यांच्याकडे गेला. पाऊस पडल्यावर भेंडी, गवार, दोडका. कुंपणाला घेवडा. दिवाळीच्या सुमाराला मेथी, पालक, कोथिंबीर. बी कुठून आणायचं तेही त्यांनीच सांगितलं, "माझ्या माहेरी फोन लाव." अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपण्याच्या कामासाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा टीव्हीवर पाहून आपण टाळ्या वाजवल्या. पण बी राखणाऱ्या बाया आपापल्या घरातही असतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर आईंकडून शिकलेल्या चार गोष्टी सांगते. रोज पाच-सहा तास ऊन येतं अशी जागा निवडा. धने अख्खे पेरू नका, हलकेच रगडून दोन फाका करा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, धीर धरा. मेथी महिनाभरात काढायला येते, त्यामुळे पहिल्यांदा करणारीनं थंडीत मेथीपासूनच सुरुवात करावी. भेंडीला दीड-दोन महिने लागतात. मावा पडला तर वाटलेली निंबोळी ५० ग्रॅम एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून संध्याकाळी फवारा. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी वाया घालवू नका. पाण्याची ओढ असलेल्या आमच्या गावात तर तेच मोठं भांडवल!

पैशाचं म्हणाल, तर भाजीवाल्या मावशींकडे जाणं काही बंद झालेलं नाही. बटाटे, कांदे, फ्लॉवर विकतच आणतो. गोगलगायींनी एकदा पालकाचा अख्खा वाफा फस्त केला, तेव्हा दोघींनी मिळून त्यांना शिव्या दिल्या. पण आई सहाला उठून परसात जातात. ऊन अंगावर घेतात, वाकतात, नातवाला पाणी आणायला पिटाळतात, भिंतीवरून शेजारच्या काकूंना दोडके देतात आणि अर्धा तास गप्पा मारतात. आणि मी फोन घरात ठेवून वीस मिनिटं त्यांच्याबरोबर निंदायला बसते. सोळा वर्षांच्या संसारात जे बोललो नव्हतो, ते हात मातीत असताना बोललो.

एक मात्र स्पष्ट सांगते. भाजी लावली म्हणून दुःख पळून जात नाही. सासऱ्यांच्या आठवणीनं आई अजूनही रडतात. त्यांच्या गोळ्या डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या, आम्ही मनानं बंद केल्या नाहीत. घरात कुणी दोन आठवड्यांहून जास्त गप्प-गप्प असेल, खाणंपिणं, झोप बिघडली असेल, तर 'वय झालंय' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारची 'टेलि-मानस' ही फोनसेवा २०२२ मध्ये सुरू झाली आहे. १४४१६ या नंबरवर फोन लावला तर आपल्या भाषेत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. ओषधोपचाराच्या जोडीला परस असावं, औषधाच्या जागी नव्हे.

कढीपत्त्याच्या बुडाशी आता पिलं फुटली आहेत. आई ती दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावतात. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना यंदा त्यांनी प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी हेच वाण दिलं. देताना प्रत्येकीला सांगत होत्या, "ह्यांच्या झाडाचं आहे हं, पाणी घाल."

तेव्हा मैत्रिणींनो, या रविवारी मागचं दार उघडून बघाच. आणि जाताना घरातल्या आईला, सासूला हाक मारायला विसरू नका.