शेजाऱ्याचा आवाज सहन होत नाही? हा हट्ट नव्हे
२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. अशा विहारात वंदनेला बसल्यावर शेजाऱ्याचे घसा खाकरणे, घरी कुणाचे मचमच जेवणे काहींना असह्य होते. अंगाचा तिळपापड होतो. २००१ पासून या त्रासाला ‘मिसोफोनिया’ हे नाव आहे.

धम्म सांगतो: कान आणि आवाज यांच्या स्पर्शातून वेदना उठते. ती आपल्या हाती नसते. त्यापुढचा द्वेष मात्र स्मृतीने ओळखता येतो.

पंख्याचा मंद आवाज सोबतीला ठेवा. दिवसभर कानात बोळे नकोत, कान अधिक हळवे होतात. राग शमल्यावर घरच्यांशी बोला. नोकरी, नाती बिघडू लागली तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

आणि कार्यकर्त्यांनो, चेष्टा न करता त्याला जागा बदलू द्या. मैत्री तिथूनच सुरू होते.