‘चारा’ आणि ‘चार’ : आपल्या जिभेवरचे दोन च

माझी पुतणी दहा वर्षांची, इंग्रजी शाळेत शिकते. मराठी वाचायला ती घरीच शिकली, तेही हौसेने. एकदा आजीला गोष्ट वाचून दाखवताना ‘बैलाला चारा घातला’ हे वाक्य तिने ‘चार’ या आकड्यातला च लावून वाचलं. आई हसली, म्हणाली, “अगं, बैल काय आकडे खातात?” पोरगी हिरमुसली. मग मला विचारती झाली, “काका, अक्षर तर एकच आहे. मग कुठला च, ते मला कसं कळणार?”

मी पस्तीस वर्षं रस्ते-पुलांची कामं केली, निवृत्तीनंतर इतिहासाच्या नादी लागलो. या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. आयुष्यभर दोन्ही च बिनचूक वापरले, पण नियम ठाऊक नव्हता.

नियम आहे, आणि बऱ्यापैकी सरळ आहे. च किंवा ज यांच्यापुढे इ, ए किंवा य आला की उच्चार तालव्य, म्हणजे जीभ टाळूला: चिमणी, चेंडू, जिरे. इतर स्वरांपुढे अस्सल मराठी शब्दांत जीभ पुढे सरकते, दातांशी येते: चूल, चोर, चाक, जोंधळा. म्हणूनच ‘घराचा’ आणि ‘घराची’ यांत च बदलतो, ‘काच’ आणि ‘काचेवर’ यांतही बदलतो. आपण हे दिवसातून शेकडो वेळा करतो नि आपल्याला पत्ताही नसतो.

संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द मात्र नियमाबाहेर. ‘चंद्र’ तालव्य, पण त्याच घराण्यातलं ‘चांदणं’ दंत्य. ‘चर्म’ आणि ‘चामडं’ तसंच. फारसी-अरबीतून आलेल्या ‘जमीन’, ‘बाजार’ यांना दातांजवळचा ज मिळाला, कारण मूळ ध्वनी तिथलाच होता. आणि ‘चार’? जुन्या मराठीत तो ‘च्यारि’ होता. य विरून गेला, पण जाता जाता च ला टाळूला चिकटवून गेला. ‘चारा’त असा य नव्हताच. पुतणीच्या प्रश्नाचं हे उत्तर, पण ते मला मिळेपर्यंत तिची सुट्टी संपली होती.

आता आपल्या जिल्ह्यापुरती गोष्ट. तरुणपणी मुलाखतीसाठी महाराष्ट्रात गेलो, तेव्हा समोरचे एक गृहस्थ म्हणाले, “तुमचं मराठी तेलुगू वळणाचं आहे.” नोकरी मिळाली नाही. कारण तेच असेल असं नाही, पण ते वाक्य बोचत राहिलं. पुढे पैनगंगेच्या बाजूला कामावर असताना आमचा तेलुगू मिस्त्री थंडीला ‘चलि’ म्हणायचा, तेव्हा त्याची जीभ थेट ‘चारा’च्या जागी जायची. ‘चेप’ म्हणजे मासा, ‘चीम’ म्हणजे मुंगी; तिथे टाळूला. ‘जोन्न’ म्हणजे ज्वारी. तिथे पुन्हा दातांशी. म्हणजे इ-ए चा जो नियम मराठीत, तोच तेलुगूत! ज्या गृहस्थांनी मला तेलुगू वळण दाखवलं, ते स्वतः ‘चांगलं’ हा शब्द याच वळणाने बोलत होते.

मग हा ध्वनी आपण तेलुगूकडून घेतला का? असं म्हणणारे आहेत. मला ते इतकं सोपं वाटत नाही. कानडीही द्राविडी, मराठीची सख्खी शेजारीण, पण तिच्यात हा भेद नाही. उलट कोकणीत आहे, आणि पार उत्तरेला काश्मिरीतही दोन च वेगळे आहेत. मराठी-तेलुगू शेजाराने नियमाला सारखं वळण दिलं असावं, एवढंच मी म्हणेन. कोणी कोणाला दिलं, हे शिलालेखांतून कळणं कठीण, कारण लेखात अक्षर कोरलं जातं, जीभ नाही. आपल्या जैनथचा परमार जगद्देवाचा लेख बघा; तो संस्कृत, नागरी लिपीतला. त्यावरून इथली माणसं तेव्हा ‘चूल’ कशी म्हणत, हे कसं सांगणार?

१९५६ साली भाषावार प्रांत झाले. आपल्या जिल्ह्यातली राजुरा, किनवट तिकडे गेली, आदिलाबाद इकडे राहिलं. कागदावर भाषेची रेघ पडली. जिभेवर ती पडली नाही.

लिपीचं म्हणाल तर तेलुगूवाल्यांनी एक प्रयत्न केला. चार्ल्स फिलिप ब्राउन यांच्या १८५२च्या कोशात दंत्य च-ज वेगळे दाखवले आहेत, आणि २००८ मध्ये त्या दोन अक्षरांना युनिकोडात जागाही मिळाली. रोजच्या तेलुगू लिखाणात ती कोणी वापरत नाही. मराठीतही काही पुस्तकांत च-ज खाली टिंब देतात, पण रूढ झालं नाही. गरजच नव्हती, घरात ऐकून पोरं शिकत होती. आता घरात ऐकणं कमी झालं आहे, आणि माझ्या पुतणीसारखी मुलं मराठी आधी डोळ्यांनी शिकतात.

म्हणून मंडळाच्या सभासदांना विनंती आहे. घरातल्या सत्तरीपुढच्या माणसाकडून चाळीसेक शब्द म्हणवून फोनवर टिपून घ्या: चूल, चुना, चाळणी, चिंच, जातं, जावा, झाड, झेंडू, माझा, माझी. गावाचं नाव सांगायला विसरू नका, आणि घरात दुसरी कुठली भाषा चालते, तेही. माझ्या आईचे शब्द मी टिपले आहेत. ‘चारा’ म्हणताना ती अजून हसते, तेही त्यात आलंय.