वजन वाढले, पण बाळ बसते का?

मुलांसाठी व्यवसायोपचार : कधी आणि कुठे जावे

1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव बालमृत्यूंमुळे महाराष्ट्रभर पोहोचले. जव्हार-मोखाड्यात आजही लहान मुलाविषयी पहिला प्रश्न वजनाचा असतो. तो बरोबरच आहे. पण आम्ही वाचक बंधू-भगिनींना आणखी एक प्रश्न विचारायला सांगतो. बाळ वयाप्रमाणे काय काय करते? मान धरते का, आधाराशिवाय बसते का, हाताने घास तोंडात घालते का? जे बाळ कमी वजनाचे होते, दिवस भरण्याआधी जन्मले, जन्मल्यावर लवकर रडले नाही किंवा ज्याला झटके आले, त्याच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा आहे. बाळ जगले, वजनही भरले, म्हणून काळजी संपली असे नाही.

व्यवसायोपचार म्हणजे काय?

नावातील ‘व्यवसाय’ म्हणजे नोकरी-धंदा नव्हे. माणूस रोज जी कामे करतो तो त्याचा व्यवसाय. लहान मुलाचा व्यवसाय म्हणजे खाणे, खेळणे, कपडे घालणे, अंघोळ, लिहिणे आणि इतर मुलांत मिसळणे. ही कामे जमत नसतील तर ती जमावीत म्हणून केलेला उपचार तो व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी. फिजिओथेरपीत मुख्य भर स्नायू, सांधे आणि हालचालीवर असतो. व्यवसायोपचारात त्या हालचालीतून रोजचे काम कसे साधेल हे पाहतात. अनेक मुलांना दोन्ही लागतात.

हे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. कमला निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात याचे शिक्षण सुरू केले. आज के.ई.एम., नायर आणि सायन या तिन्ही महापालिका रुग्णालयांत हा विभाग आहे.

केव्हा थांबू नये?

• चार महिने पूर्ण झाले तरी मान धरत नाही, किंवा मुठी सतत घट्ट मिटलेल्या असतात.
• नऊ महिने पूर्ण झाले तरी आधाराशिवाय बसत नाही.
• वर्षाच्या आतच एकच हात वापरते, दुसरा वापरतच नाही.
• अंग फार ताठ किंवा फार सैल वाटते. दूध पिताना, घास गिळताना वारंवार ठसका लागतो.
• वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही.
• दीड वर्ष झाले तरी चालत नाही.
• सहा वर्षांचे झाले तरी बटण लावणे, स्वतःच्या हाताने नीट जेवणे, पेन्सिल धरणे जमत नाही.
• साध्या आवाजाने, स्पर्शाने किंवा कपड्याने इतके बेचैन होते की रोजचे व्यवहार अडतात.

यांतील एखादी खूण दिसली की मूल तपासून घ्यावे. आधी येत असलेली गोष्ट मूल विसरू लागले, तर वय कोणतेही असो, लगेच डॉक्टरांकडे न्यावे. ‘याचा बापही उशिराच चालला होता’ असे म्हणून वर्ष घालवू नये. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू सर्वांत वेगाने घडत असतो, म्हणून तेव्हाच्या उपचाराचा उपयोग अधिक होतो. मात्र वय उलटले म्हणून उपचार सोडूही नये.

मागल्या जन्माचे पाप, नजर, बाहेरची बाधा यांतले काहीही याचे कारण नसते. कारणाशिवाय काही घडत नाही असे आपला धम्म सांगतो. ते कारण तपासणीतून शोधावे. आईला बोल लावून मूल बरे होत नाही.

कुठे जावे?

सुरुवात अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंपासून करावी. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरते पथक अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासते. वाढीतील उशीर हा त्या तपासणीचाच भाग आहे. पथकाला थेट सांगा, ‘याचे बसणे, हाताचे काम बघा.’ पथकाची वाट पाहायची नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जव्हारचे कुटीर रुग्णालय गाठावे. पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची आणि मोफत उपचाराची तरतूद या कार्यक्रमात आहे. चिठ्ठी मागून घ्यावी. खासगी ठिकाणी गेल्यास तज्ज्ञाची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले तपासणीतून सुटतात. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि केसपेपर सोबत न्यावा, आणि तिथल्या अंगणवाडीत मुलाचे नाव सांगावे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम यांसह 21 प्रकार आहेत. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ‘निरामय’ आरोग्य विमा एक लाख रुपयांपर्यंतचा आहे. त्यात थेरपीचा खर्चही बसतो.

घरी काय करावे?

थेरपी आठवड्यातून एखादा तास होते, बाकीचा वेळ मूल घरीच असते. भरवताना त्याला आडवे न ठेवता बसवून भरवावे. बसल्यावर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्यावा. चमचा धरता येत नसेल तर दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करावा. मोठ्या मुलाला नागलीच्या पिठाचा गोळा मळू द्यावा, वाल निवडू द्यावेत. लहान मूल असेल तर दाणा तोंडात किंवा नाकात जाऊ नये म्हणून जवळ बसावे. सांडले, उशीर झाला, तरी घास त्यालाच घेऊ द्यावा. आपण सगळे करून दिले तर त्याच्या हाताला शिकायला काही उरत नाही.

येत्या रविवारी विहारात वंदनेला जमाल तेव्हा आपापल्या वस्तीतील लहान मुलांची नावे आठवा. त्यांतले कोण अजून बसत नाही, चालत नाही? त्या घरी जाऊन आईवडिलांशी बोला, आणि पहिल्या तपासणीला त्यांच्या सोबत जा.