ग्रहणी, ताक आणि कुड्याची साल

रिद्धपूरला म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, तो तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. त्याच शतकात विदर्भात केशव नावाचे वैद्य होऊन गेले. व्याकरणकार बोपदेव हे त्यांचे पुत्र. केशवांच्या ‘सिद्धमंत्र’ या ग्रंथात औषधे व अन्नपदार्थ वात, पित्त, कफ यांवरील परिणामांनुसार आठ गटांत लावले आहेत.

असा वैद्य पोटाच्या जुनाट दुखण्याकडे कसा पाहत असेल? चरक-वाग्भटांच्या परंपरेत या दुखण्याचे नाव ‘ग्रहणी’. ग्रहणी म्हणजे अन्न पचेपर्यंत धरून ठेवणारा आतड्याचा भाग. तेथील अग्नी मंदावला की अन्न अर्धेकच्चेच पुढे सरकते, शौचाला कधी घट्ट तर कधी पातळ होते, रोगी खंगतो, अशी ही मीमांसा. उपचारही तिला धरूनच: लंघन, अग्नी वाढवणारी सुंठ, कोवळे बेलफळ, कुड्याची साल आणि पथ्याला ताक.

आज आपण अग्नीऐवजी पाचकरस आणि विकरे म्हणतो. ताकात दुधातील साखरेचा काही भाग जीवाणूंनी आधीच वापरलेला असतो. म्हणून दूध न पचणाऱ्यालाही ते बहुधा सोसते. कुड्याच्या सालीतील कोनेसीन हे द्रव्य आमांशाच्या अमीबाला मारक आहे. या अमीबाचे वर्णन झाले १८७५ मध्ये! कारण ठाऊक नसताना औषध हाती लागले होते.

मग उणीव कोठे होती? ग्रहणी हे लक्षणांचे नाव होते. अमीबा, आतड्याचा क्षय, गव्हातील ग्लुटेन न सोसणे अशी कारणे निराळी असली तरी लक्षणे सारखीच दिसू शकतात. शिवाय हे दुखणे आपोआपही चढते-उतरते. उताराच्या वेळी दिलेले कोणतेही औषध गुणकारी वाटते. पुढे पारा-गंधकाची पर्पटीही ग्रहणीवर दिली जाऊ लागली, आणि पारा तर विषारी. कुडा आणि पर्पटी यांची पारख नुसत्या अनुभवाने होत नाही. त्यासाठी औषध दिलेले व न दिलेले अशा दोन गटांची तुलना करावी लागते.

वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा: औषध घेतले आणि बरे वाटले, एवढ्यावरून ते औषधानेच बरे वाटले असे म्हणता येईल का? आणि एखाद्या मुलाचे पोट आठवडेच्या आठवडे बिघडलेले असेल, वजन घटत असेल, तर ताकावर न थांबता आधी तपासणी करून घेण्यास पालकांना सांगावे.