पिच स्लायडरवरचं बोट

लग्नसराईतल्या डीजेंवर लेख हवा, असं संपादकांचं म्हणणं होतं, म्हणून अकोला आणि अमरावतीत फिरलो. बहुतेकांनी आपापली स्पीकरची भिंत दाखवली: बेस किती, टॉप किती, जनरेटर केवढा. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका पन्नाशीच्या डीजेंनी मात्र गोदामामागच्या खोलीत नेऊन दोन टर्नटेबलं दाखवली. टेक्निक्स कंपनीची एसएल-१२००, मार्क टू. मुंबईतल्या एका बंद पडलेल्या डिस्कोथेकमधून जुन्यात घेतलेली. वरातीला ती कधीच जात नाहीत. काम आटोपून घरी आलं, की हे गृहस्थ त्यांवर १९९०-९२च्या ब्रिटिश रेव्हच्या तबकड्या मिसळत बसतात. मग माझा लेख तिथंच अडकला.

रेव्हचा इतिहास थोडक्यात असा. शिकागोचं हाउस आणि डेट्रॉइटचं टेक्नो इंग्लंडात पोचलं, १९८८च्या उन्हाळ्यात गोदामांत आणि मोकळ्या रानांत हजारो पोरं रात्ररात्र नाचू लागली, आणि १९९४ साली ब्रिटिश संसदेनं या मेळाव्यांना आवर घालणारा कायदाच केला. त्याआधीची एक गोष्ट मात्र आपल्याकडची आहे. चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये मुंबईत रोलँडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. एचएमव्हीनं काढलेली ती तबकडी तेव्हा खपली नाही. पुढं १९८७मध्ये शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटानं त्याच टीबी-३०३मधून पिळवटलेला आवाज काढला आणि जगाला अ‍ॅसिड हाउस मिळालं. चरणजित सिंगांची तबकडी २०१०मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चकित झाले. आमच्या अकोल्याच्या डीजेंना ती फार आवडते.

मला मात्र खिळवून ठेवलं ते टर्नटेबलाच्या उजव्या कडेच्या पट्टीनं. पिच स्लायडर. साधारण दहा सेंटिमीटरची. वर-खाली सरकवली, की तबकडीचा वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त होतो. एक गाणं दुसऱ्यात मिसळायचं, तर दोन्हींचा ठेका जुळायला हवा. मिनिटाला १३० ठोक्यांचं गाणं वाजतंय आणि दुसरं १३०.५ ठोक्यांनी चाललंय, असं समजा. अर्ध्या ठोक्याचा फरक कुणाच्या लक्षात येणार? पण मिनिटभरात दोन्ही गाणी अर्ध्या ठोक्यानं फाकतात आणि ढोल ढोलावर पडायच्या ऐवजी दोन ढोलांच्या मधे पडतो. ही चूक सुधारायला पट्टी सरकवायची जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. शंकरपटाच्या शर्यतीत जोडीतला एक बैल किंचित पुढं निघाला, की धुरकऱ्याच्या हाताला ते डोळ्यांआधी कळतं, तसं इथं बोटाला कळावं लागतं.

“वेग बराबर झाला म्हंजे झालं नाई, भाऊ,” ते म्हणाले. “ठेका सरकते. कोनीकडे सरकून राह्यला, ते कानानं आयकाव लागते.”

त्या पट्टीत एक खोड आहे. बरोबर मधोमध, शून्यावर, एक खाच आहे. तिथं हिरवा दिवा लागतो आणि पट्टी टक्कन बसते. शून्याच्या अगदी जवळचा वेग हवा असेल, तर पट्टी खाचेतच ओढली जाते. म्हणजे ज्या दोन गाण्यांचे वेग जवळजवळ सारखे, तीच जुळवायला सगळ्यात अवघड. यावर त्यांचा उपाय साधा आहे: दोन्ही तबकड्या दोन टक्के जलद करायच्या आणि खाचेपासून लांब निघून जायचं. कंपनीनंही पुढच्या एका मॉडेलमध्ये ही खाच काढून टाकली.

वेग वाढला की सूरही चढतो. सहा टक्क्यांत जवळपास अर्धा स्वर. म्हणूनच जुन्या रेव्हमध्ये वेग वाढवलेले बायकांचे आवाज चिमणे ऐकू येतात. आजच्या यंत्रांत सूर तसाच ठेवायची सोय आहे. हे गृहस्थ ती वापरत नाहीत. चढलेला सूर दुसऱ्या गाण्याच्या सुराशी भांडतो का, हे ऐकूनच ते पुढची तबकडी काढतात.

गोव्यात गोष्ट वेगळी होती. तिथल्या उन्हात तबकड्या वाकायच्या, वाळूनं सुई उडायची. म्हणून हणजूणच्या किनाऱ्यावर लॉरेन्ट, गोवा गिल यांच्यासारखे डीजे कॅसेटवर आणि पुढं डॅट या डिजिटल टेपवर वाजवू लागले. सोबत नेण्याजोग्या त्या यंत्रांना वेगाची पट्टी नसे. मग एका गाण्याचा ठेका ओसरला, की दुसऱ्याची बिनठेक्याची सुरुवात वर आणायची. तिथंच घडलेल्या गोवा ट्रान्स या संगीतातल्या गाण्यांना लांबलचक तोंड आणि शेपूट आलं, ते या रिवाजातून.

अकोल्याचा मे तर पारा ४५च्या वर नेतो. तबकड्या ते उभ्या, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवतात. सुया परगावाहून मागवतात. पण खरी अडचण कपाटात नाही. त्यांचा पुतण्या कंट्रोलरवरचं सिंकचं बटन दाबतो आणि दोन गाणी आपोआप जुळतात. वरातीत मिसळण्याकडे कुणाचं लक्षही नसतं. शेजारच्या डीजेपेक्षा आवाज मोठा हवा, एवढंच गिऱ्हाईक सांगतं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. भिंतीपुढे उभं राहिलं, तर ५५चा आकडा आठवतही नाही.

८५ डेसिबलमध्ये फार तर आठ तास काम करावं, त्यापुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करावी, असा श्रवणतज्ज्ञांचा एक मान्य हिशेब आहे. त्या हिशेबानं १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. हे गृहस्थ भिंतीमागे चार-चार तास उभे राहिले, वीसेक वर्षं. अशा गोंगाटानं कान आधी बधिर होतो तो ४,००० हर्ट्झच्या आसपास, आणि ठेका जुळवताना ज्या हाय-हॅटच्या बारीक झांजेवर कान ठेवायचा, तिची धार त्याच वरच्या पट्ट्यात.

“डाव्या कानात शिट्टी वाजत राह्यते,” ते म्हणाले. “झांज येतच नाई मले आता. ढोलावर भागवतो.”

ढोलावर जुळतं, पण ढोबळ. त्या रात्री एक जोड त्यांना तीनदा करावी लागली. पट्टीवरचं बोट अचूक होतं, कान उशिरा सांगत होता.

पुतण्याला त्यांनी कानात घालायचे बोळे आणून दिलेत. तो ते घालत नाही. वरातीला, विसर्जनाला, जयंतीला डीजे ठरवणाऱ्यांनी निदान एवढं करावं: आवाज किती हे विचारण्याआधी भिंतीमागच्या पोरांच्या कानात बोळे आहेत का, ते पाहावं, आणि नसतील तर सुपारी देऊ नये.